मालमूस्कच्या खडकांवर पोहायला: मार्सेयला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेय शहराच्या नकाशावर वाळूचे दोन-चार पट्टे ठळक दिसतात. गावातले लोक मात्र कामावरून सुटल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून निघतात ते बरेचदा मालमूस्कला. व्ह्यो-पोर या जुन्या बंदरापासून समुद्राच्या कडेने साधारण तीन किलोमीटरवर, आंदूम वस्तीच्या खाली, पांढऱ्या चुनखडीचे खडक थेट पाण्यात उतरतात. मधूनमधून सिमेंटचे सपाट ओटे, खडकातल्या पायऱ्या, मूठभर होड्यांचं चिमुकलं बंदर आणि समोर पाण्यात शातो दिफचा किल्ला, एवढाच सगळा पसारा. जीवरक्षक नाही, कपडे बदलायला खोली नाही, खुर्ची-छत्री भाड्याने मिळत नाही.

पाय टेकत नसलेल्या पाण्यात न घाबरता दहा मिनिटं तरंगता येत असेल, तर शहरात राहून याहून चांगलं पोहणं मिळणं कठीण. कंबरभर पाण्यात डुंबायचं असेल, लहान मुलं बरोबर असतील किंवा आई-बाबा तिकडे भेटीला आले असतील, तर आधी सातवा मुद्दा वाचा.

१. दिवस उन्हावरून नव्हे, वाऱ्यावरून ठरवा

आभाळ निळंशार, हवा काचेसारखी स्वच्छ, लांबची बेटंही रेखीव दिसतायत. नवखा माणूस हमखास अशा दिवशी निघतो आणि फसतो, कारण अशी हवा बहुतेक वेळा मिस्त्रालची असते. हा कोरडा, जोरदार वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून येतो. मालमूस्कचे खडक पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे तो इथे जवळजवळ समोरून लागतो, आणि खडकावर फुटणाऱ्या लाटांमुळे पाण्याबाहेर येणं अवघड होतं.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्राल पृष्ठभागावरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा खालचं थंड पाणी घेतं. म्हणून भर जुलैत २३-२४ अंशांवर असलेलं पाणी एक-दोन दिवसांत १५-१६ अंशांवर येऊ शकतं. वारा पडला की लाटा लगेच शमतात, पाणी मात्र लगेच तापत नाही. ‘आज वारा नाही’ एवढं पुरेसं नाही, गेले दोन दिवस काय होतं तेही बघा.

निघण्यापूर्वी मेतेओ-फ्रान्सच्या हवामान अंदाजात तीन गोष्टी पाहा:

- वाऱ्याची दिशा आणि वेग. वायव्येचा वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर खडकाचा बेत रद्द करा. पोहण्यात मुरलेला माणूसही अशा दिवशी दुसरीकडे जातो.
- पाण्याचं तापमान. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला १८ अंशांखालचं पाणी पहिल्या मिनिटाला दम कोंडल्यासारखं लागतं. पहिल्यांदा जाताना २० अंशांच्या वरचा दिवस निवडा.
- आग्नेयेचा वारा आहे का. त्याच्याबरोबर ढग आणि लांब लाटा येतात. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासोबत कधीकधी जेलीफिशही किनाऱ्याला लागतात.

जोराचा पाऊस पडून गेल्यावर निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस थांबा. जुन्या शहरात पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. सर आली की ती तुंबते आणि जास्तीचं पाणी समुद्रात जातं. नगरपालिका त्या काळात पोहण्याचे किनारे बंदही करते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बघायला नको. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, इथे सगळा फरक एक-दीड वितीचा. इथल्या समुद्राकाठच्या रस्त्याला कॉर्निश म्हणतात. त्याच्या कडेला भरतीमापक केंद्राची जुनी छोटी इमारत आहे. तिथल्या १८८५ ते १८९६ या काळातल्या नोंदींच्या सरासरीवरून फ्रान्सच्या मुख्य भूमीची ‘शून्य उंची’ ठरवली गेली. बसमधून जाताना ती सहज नजरेतून सुटते.

२. महिना आणि वेळ

जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर सर्वांत बरे. सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि सुट्टीची गर्दी ओसरलेली असते. मे महिन्यात ऊन कडक असूनही पाणी १६-१८ अंशांच्या आसपास असतं आणि उन्हाला भुलून उडी मारणारे ओरडतच बाहेर येतात. ऑगस्टमधला रविवार टाळाच. दुपारी बाराला टॉवेल पसरायला सपाट जागा उरत नाही, आणि सपाट जागा इथे मुळातच कमी.

सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळात सावलीचा पत्ता नसतो आणि खडक अनवाणी पायाला सोसवत नाही. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सहाला पोचलात तरी तीन तास उजेड आहे. सप्टेंबरच्या मध्याला तोच पावणेआठला मावळतो. अंधारात ओल्या खडकावरून चढू नका, सूर्य टेकायच्या आत पाण्याबाहेर या.

३. पिशवीत काय हवं

- रबरी तळाचे पाण्यातले बूट. यादीतली एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. पुण्या-मुंबईच्या खेळसाहित्याच्या दुकानात आधीच मिळतात. स्लिपर चालत नाही, पहिल्याच लाटेत पायातून निघते.
- पोहण्याचा चष्मा, जमल्यास मास्क आणि श्वासनळी.
- कमरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा. बोटवाल्यांना तुमचं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो.
- प्रत्येकी दीड लिटर पाणी. फ्रान्समध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली हॉटेलवरच भरा. काचेची बाटली नको. खडकात फुटलेली काच कधीच पूर्ण गोळा होत नाही.
- एसपीएफ ५० चं मलम, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट.
- जाड टॉवेल किंवा फोमची चटई. खडक बोचरा आहे.
- चिमटा, निर्जंतुक करायचं औषध, दोन-चार पट्ट्या. का ते आठव्या मुद्द्यात.
- तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी, फोन आणि किल्लीसाठी.
- कचऱ्याची पिशवी.

कपड्यांची शंका बऱ्याच जणांना असते. फ्रान्समधल्या सार्वजनिक जलतरण तलावांवर पुरुषांना अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. तो नियम समुद्राला लागू नाही, सैल शॉर्ट चालते. बायकांनी लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तरी कोणी वळून बघत नाही. सुती कुर्ता किंवा ओढणी घालून मात्र उतरू नका. भिजल्यावर सूत जड होतं, आणि चढताना ते खडकात अडकतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्याला अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा हवा. विम्याच्या अटींत साधं पोहणं वगळलेलं नाही ना, हे वाचा. काही स्वस्त पॉलिसींत ‘जलक्रीडा’ या मोघम शब्दाखाली बरंच काही बाहेर ठेवलेलं असतं. खडकावर येताना मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. सोबत झेरॉक्स, फोनमध्ये फोटो आणि पॉलिसीचा क्रमांक पुरे. एकच बँक कार्ड आणि थोडी रोकड आणा.

४. पोचायचं कसं

पॅरिसहून वेगवान गाडी तीन-सव्वातीन तासांत सँ-शार्ल स्टेशनला आणते. विमानाने आलात तर मारिन्यानच्या विमानतळावरून याच स्टेशनपर्यंत थेट बस आहे. स्टेशनातून मेट्रोची पहिली लाइन पकडा, दिशा ‘ला फुरागेर’. दुसरं स्टेशन व्ह्यो-पोर.

तिथून ८३ क्रमांकाची बस, दिशा ‘रों-प्वँ द्यु प्रादो’. मेट्रोत घेतलेलं तिकीट तासाभरात बसलाही चालतं, पण बसमध्ये चढल्यावर ते पुन्हा यंत्राला लावावं लागतं. खिशात वैध तिकीट आहे म्हणून न लावता बसलेले लोक दंड भरतात, तपासनीस परदेशी माणसाला सूट देत नाहीत. चढताना ड्रायव्हरला ‘बोंझूर’ म्हणायची रीत आहे. बसमध्ये उजव्या बाजूला बसा, समुद्र त्याच बाजूला येतो.

वाटेत कातालांचा वाळूचा किनारा लागतो. तिथे उन्हाळ्यात जीवरक्षक असतात आणि झेंडा असतो. तो बसमधूनच बघून घ्या, कारण मालमूस्कला तुम्हाला सांगायला कोणीही नसेल. हिरवा असेल तर पुढे चला. पिवळा असेल तर पोहणं चांगलं जमणाऱ्यांनीच, तेही जपून. लाल म्हणजे पोहायला बंदी. जांभळा म्हणजे पाणी दूषित आहे किंवा त्रासदायक जलचर आले आहेत. लाल किंवा जांभळा दिसला तर खडकावर पोहण्याचा विचार सोडा.

‘वालों देझोफ’ या थांब्यावर उतरलात तर सोपं पडतं. पुलाच्या कमानींखाली कोळ्यांचं छोटं बंदर आहे, रंगीत होड्या एकमेकींना घासून उभ्या असतात. ते बघून कॉर्निशच्या पदपथाने, समुद्र उजव्या हाताला ठेवून, दहाएक मिनिटं चाला. मग उजवीकडे मालमूस्कच्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. फोनच्या नकाशात ‘मालमूस्क बंदर’ शोधा, नुसतं ‘मालमूस्क’ टाकलं तर बाण वस्तीच्या मधोमध नेऊन सोडतो. काही जिने लोकांच्या घरांचे आहेत, फाटक दिसलं तर माघारी फिरा. फ्रान्सच्या परकीय सैनिकदलाचं, म्हणजे लेजिओं एत्रांजेरचं, विश्रामगृहही याच टोकावर आहे. त्याच्या कुंपणापलीकडचा खडक कितीही रिकामा दिसला तरी तो तुमच्यासाठी नाही.

गाडी आणू नका. गल्ल्या एका गाडीपुरत्या आहेत, आणि जिथे जागा दिसते तिथे रहिवासी ठेवतात. व्ह्यो-पोरवरून सगळं अंतर चालत आलात तर पाऊण तास लागतो.

मराठी पाहुण्यांचा एक प्रश्न इथे ठरलेला असतो: सावरकरांनी उडी मारली ती हीच जागा का? नाही. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोट उभी होती ती मोठ्या जहाजांच्या बंदरात, आणि ते बंदर व्ह्यो-पोरच्या उत्तरेला, म्हणजे इथून नेमकं उलट दिशेला आहे. तिकडे आज फेरीबोटी आणि मालवाहतूक चालते. पोहण्यासाठी तो भाग नाही.

५. खडकावर जागा धरणं

पहिली रिकामी जागा दिसली की टॉवेल टाकू नका. खडक ओला आहे की कोरडा ते बघा. कोरड्या दिवशी ओला खडक दिसला, तर लाट तिथपर्यंत येतेय. एरवी लाट एवढी वर येत नाही, पण फ्रिऊल बेटांकडे जाणाऱ्या बोटी आणि मोठी जहाजं गेल्यावर काही मिनिटांनी त्यांच्या लाटांची एक रांग किनाऱ्याला लागते. बोट तोवर नजरेआड गेलेली असते, त्यामुळे लाट कुठून आली ते कळत नाही, आणि चपला तरंगू लागतात.

सामान पाण्यापासून निदान दोन हात उंचीवर, कपारीत ठेवा. दोघं असाल तर आळीपाळीने पोहा. एकटे असाल तर शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगायची पद्धत इथे आहे, पण फोन आणि कार्ड जलरोधक पिशवीत घालून कमरेच्या फुग्याला बांधणं त्याहून खात्रीचं. उन्हाळ्यात पिशव्या उचलणारे या भागात फिरतात, हे स्थानिक माणूस स्वतःहून सांगेल.

६. पाण्यात उतरणं आणि बाहेर येणं

वाळूच्या किनाऱ्यावर माणूस पाण्यात कुठूनही जातो आणि कुठूनही परततो. खडकावर उतरणं सोपं आणि चढणं कठीण. म्हणून उलट क्रमाने विचार करायचा: आधी बाहेर कुठून येणार ते ठरवा, मग आत जा.

अ) दहा मिनिटं नुसतं बसून बघा. रोज येणारे लोक कुठून चढतात? त्यांचे एक-दोन ठरलेले कठडे किंवा पायऱ्या असतात. तीच जागा धरा. तिच्यामागची ठळक खूण, पिवळं घर किंवा विजेचा खांब, लक्षात ठेवा. पाण्यातून सगळे खडक सारखेच दिसतात.

आ) लाटांचा ठेका बघा. चार-पाच लहान लाटा, मग दोन-तीन मोठ्या, मग थोडी उसंत. उतरायचं आणि चढायचं ते उसंतीत.

इ) पाण्याच्या रेषेलगत हिरवट, केसांसारखं शेवाळ असतं. त्यावर बुटाचा तळही घसरतो. तिथे उभं राहायचं नाही, बसायचं. पाण्याकडे पाठ आणि खडकाकडे तोंड करून शिडी उतरल्यासारखं खाली या. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत.

ई) बोटं कपारीत खोल घालू नका आणि पाय टाकण्याआधी खाली बघा. काळे, काटेरी गोळे दिसतात ते समुद्री साळिंदर. दिवसा ते सावलीच्या खाचांत दडून असतात, नेमके जिथे आपण आधार शोधतो तिथे.

उ) मान आणि तोंड भिजवून घ्या, अर्धा मिनिट खडकाला धरूनच थांबा. श्वास जलद होतो तो आपसूक शांत होऊ द्या. मगच हात सोडा.

ऊ) डोक्यावर सूर मारायचा नाही. पाणी इतकं नितळ आहे की खोलीचा अंदाज चुकतो. पोरं वरच्या रस्त्यावरून, कठड्यावरून उड्या मारताना दिसतील. त्यांना तिथला एकेक दगड माहीत असतो, आणि तरीही दर उन्हाळ्यात जखमी होणारे असतातच.

ए) परतताना खडकापासून दोन मीटरवर थांबा, पाय खाली सोडून तरंगा, लाटा मोजा. लाट उचलते त्या क्षणी पोट कठड्यावर टेकवा, हात पुढे पसरा आणि लाट ओसरताना तिथेच चिकटून राहा. पुढची लाट यायच्या आत गुडघे वर घ्या. लाट ओसरत असताना चढायला गेलात तर पाय हवेत आणि नडग्या खडकावर. मार्सेयला आलेल्या नवख्याच्या पायावरच्या बहुतेक ओरखड्यांचं मूळ हेच.

ठरलेल्या जागेवर लाटा वाढल्या असतील तर हट्ट धरू नका. मालमूस्कच्या चिमुकल्या बंदराकडे पोहत या, तिथे पाणी निवांत असतं. होड्यांची ये-जा बघत, कडेने.

पाण्यात गेल्यावर मास्क लावून खडकाच्या कडेकडेने पोहणं हीच खरी मजा. तीन-चार मीटर खोलीवर पोसिडोनियाची हिरवी कुरणं लागतात. ही समुद्री गवताची जात संरक्षित आहे, उपटू नका. त्यावर चरणारे सोनेरी पट्ट्यांचे सोप मासे थव्याने येतात आणि माणसाला फारसे भीत नाहीत. खडकालगत नारिंगी-निळी झिरेल मासळी दिसते, सावलीत गडद रंगाच्या कास्तान्योल माशांचे थवे लटकल्यासारखे स्थिर असतात. नशीब असेल तर एखादं ऑक्टोपस भोकातून डोळा वर काढून बघत असतं. त्याच्या दाराशी रिकामे शिंपले पडलेले असतात, ती खूण.

समोर देगाबी नावाचं किल्ला असलेलं बेटुकलं दिसतं आणि ‘तिथवर जाऊन येऊ’ असं हमखास वाटतं. मध्ये बोटींचा रस्ता आहे. किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात बोटींना ५ नॉट्सची, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटरची मर्यादा असली, तरी ती सगळे पाळतात असं नाही. पहिल्या खेपेला खडकापासून तीस-चाळीस मीटरच्या आत राहा.

७. खडक झेपणार नसेल तर

आठ-दहा वर्षांखालची मुलं, गुडघेदुखीचे लोक आणि पोहता न येणाऱ्यांनी मालमूस्कला पाण्यात उतरू नये. कातालां आणि त्याच रस्त्यावर पुढे असलेला प्रोफेत, हे दोन्ही वाळूचे किनारे आहेत आणि उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात. ८३ ची बस दोन्हीकडे जाते. वाळूत मात्र व्हीव्ह नावाचा काटेरी मासा पुरलेला असू शकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, त्याचं विष उष्णतेने निष्प्रभ होतं.

आई-बाबांना घेऊन आला असाल तर कॉर्निशच्या कठड्यालगतचा सिमेंटचा लांबच लांब बाक गाठा. तो किलोमीटर-किलोमीटर चालत राहतो, त्यामुळे जागा नाही असं होत नाही. तिथे त्यांना बसवून तुम्ही खाली पोहून आलात तर सगळेच खूश. खाली जाणारे जिने उंच पायऱ्यांचे आहेत आणि काहींना कठडा नाही. ‘हळूहळू येतील’ या भरवशावर त्यांना उतरवू नका.

शेजारीच मालदोर्मे आणि फोस-मोने या आणखी दोन लहान खडकाळ खाड्या आहेत. मालदोर्मेच्या काठावर एक अतिशय महाग हॉटेल आहे. खाली लोक घरून आणलेलं सँडविच खातात आणि वर ‘मिशलँ’ या खाद्य-मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळालेलं जेवण चालतं. हलका मिस्त्राल असताना ही बाजू मालमूस्कच्या पश्चिम टोकापेक्षा थोडी आडोशाची.

८. काटा, डंख, जखम

साळिंदराचा काटा घुसला तर घाईने पिळू नका, तो ठिसूळ असतो आणि आत तुटतो. वर टोक दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढा. उरलेले तुकडे रूमवर गेल्यावर व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवून मऊ करा आणि मग काढा. सांध्याजवळ किंवा खोल गेलेला काटा डॉक्टरलाच दाखवा.

इथे जास्त करून चावते ती जांभळट, ठिपक्याठिपक्यांची पेलाजिया जेलीफिश. डंख लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतलं की कातडीवर चिकटलेल्या उरलेल्या पेशीही फुटतात आणि आग वाढते. चोळू नका, धागे चिमट्याने उचला, मग कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. या जातीवर व्हिनेगर नको. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर थेट मदत मागवा.

खडकाने सोललं असेल तर प्यायच्या पाण्याने धुऊन औषध लावा. साधी जखम वाटली तरी आत एखादा कण राहून गेला की चिघळते. फार्मसी हिरव्या क्रॉसच्या पाटीवरून ओळखू येते, आणि तिथला माणूस बरंच काही मोफत समजावतो.

फोनमध्ये क्रमांक जपून ठेवा: ११२ सर्वसाधारण आणीबाणी, १५ वैद्यकीय, १८ अग्निशमन, १९६ समुद्रातला बचाव. मार्सेयचे अग्निशामक हे फ्रेंच नौदलाचे जवान आहेत आणि समुद्रातून माणूस काढणं हेही त्यांचंच काम. फोनवर ‘मालमूस्क’ म्हणा आणि जवळच्या गल्लीचं नाव वाचून सांगा. हे नाव उतरतानाच बघून ठेवा.

९. तिथली रीत

हा एका वस्तीचा अंगणासारखा किनारा आहे, त्यामुळे आवाज हा इथला सर्वांत नाजूक विषय. स्पीकर लावू नका. वर खिडक्यांत माणसं राहतात आणि पर्यटकांच्या गोंगाटाबद्दल त्यांची तक्रार जुनी आहे. शेजारी टॉवेल टाकताना ‘बोंझूर’ म्हणा, निम्मं काम तिथेच होतं.

काही बायका वरचं वस्त्र न घालता पडलेल्या असतील. बघत राहू नका, आणि त्या दिशेने फोन तर धरूच नका. घरच्यांना दाखवायला व्हिडिओ हवा असेल तर कॅमेरा समुद्राकडे ठेवा. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत बसमध्ये किंवा बेकरीत शिरणं असभ्य समजतात, वर एक कोरडा कपडा चढवा. २०२५ च्या उन्हाळ्यापासून फ्रान्समध्ये पोहण्याच्या हंगामात समुद्रकिनाऱ्यांवर सिगारेट ओढायलाही बंदी आहे.

१०. खाणं, आणि परतीची बस

खडकावर काही विकत मिळेल हे गृहीत धरू नका, खाणं व्ह्यो-पोरवरूनच घ्या. शाकाहारी माणसाची फसगत इथे ठरलेली: मार्सेयच्या पिझ्झात अर्ध्या भागावर चीज आणि अर्ध्यावर अँचोव्ही मासे घालायची पद्धत आहे, आणि फुगास नावाच्या जाळीदार ब्रेडमध्येही कधी मासे, कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. पानिस मात्र निर्धास्त घ्या. हरभऱ्याच्या पिठाचं पीठलं थापून, कापून तळलेलं, आपल्या पाटवडीची जणू चुलत बहीण. फक्त त्याच तेलात मासळी तळलेली नाही ना, एवढं विचारून घ्या. गोड हवं असेल तर सँ-व्हिक्तोर मठाजवळ १७८१ पासूनच्या बेकरीत होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची कडक ‘नाव्हेत’ बिस्किटं मिळतात. ती उन्हात खराब होत नाहीत.

पोहण्याआधी व्ह्यो-पोरच्या एखाद्या कॅफेत कॉफी घेऊन स्वच्छतागृह वापरून घ्या, मालमूस्कला सोय नाही.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सगळे एकदमच उठतात आणि ८३ ची बस प्रोफेतपासूनच भरून येते. दोन बस न थांबता गेल्या की थांब्यावर ताटकळत बसण्यात अर्थ नाही. कॉर्निशवरून कातालांपर्यंत चालत या. तिथून इतर बसही मिळतात, आणि व्ह्यो-पोरचं चालत अंतरही अर्ध्यावर आलेलं असतं.